लिटरमागे दीड किलोमीटर

खोटं बोलून दुसऱ्याला बुडवणारी माणसं मी धंद्यात पोत्यानं पाहिली आहेत. पण निव्वळ खरं बोलून घरच्या माणसाला भर रस्त्यावर उघडं पाडणारा माणूस आख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. हे मी रागानं लिहितो आहे असं कुणाला वाटेल. वाटू द्या. मी रागानंच लिहितो आहे. राग ही माझ्याजवळची एकमेव गोष्ट आहे जी मी कधी घासाघीस करून कमी केलेली नाही.

माझ्याविषयी थोडं सांगतो, म्हणजे कोणाचं काय गेलं ते कळेल. मी इचोड्याचा. हायवेवरच्या ढाब्यांपुढे जे ट्रक उभे राहतात त्यांच्या काचा पुसण्यापासून माझी सुरुवात झाली. मग क्लीनर झालो, मग ड्रायव्हर, मग कर्जानं एक गाडी, आणि आता जुन्या गाड्या घेणं आणि विकणं हा माझा धंदा आहे. शाळा चौथीत सुटली. पण कुठल्याही इंजिनाला कान लावून त्याचं वय सांगतो, आणि समोरचा माणूस चहाचा कप खाली कसा ठेवतो यावरून तो कुठपर्यंत येईल ते ओळखतो. या धंद्यात दुकान नाही, पाटी नाही, गल्ला नाही. असतं ते फक्त तोंड. ‘हा म्हणाला म्हणजे गाडी तशीच असणार’ एवढं लोकांनी मानलं की माणूस जगला. इचोड्यात लोक माझ्या बाबतीत तसं मानत होते. ‘होते’ हा शब्द मला माझ्या साडवानं दिला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तामसीला राहतात. मराठी शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाले, पण गणित काही निवृत्त झालं नाही. अंगानं सुतळीसारखे, आवाज शांत, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी खडू. शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी खडू कुठून येतो हे त्यांच्या बायकोलाही माहीत नाही. जगातल्या प्रत्येक हलणाऱ्या वस्तूकडे पाहून त्यांच्या मनात एकच प्रश्न उठतो: ही लिटरला किती देते? दुसऱ्या माणसाला गाडीचा रंग दिसतो, कोणाला सीटचं कव्हर दिसतं, कोणाला मागं लिहिलेला शेर दिसतो. यांना भागाकार दिसतो. लग्नाच्या वरातीत नवरदेव ज्या गाडीतून आला तिच्या ड्रायव्हरशी बोलण्यात ते एकदा इतके रमले की अक्षता हातातच राहिल्या, आणि जेवताना नवरदेवाच्या बापाला म्हणाले, “पावणे, पोरगा चांगला हाय, पण तुमची गाडी नऊच देऊन राह्यली. इंजेक्टर पाहून घ्या.” त्या बापानं पुढं वर्षभर आमच्याकडच्या कुठल्याच लग्नात पाय ठेवला नाही.

बसमध्ये बसले की त्यांना खिडकीची जागा नको असते. ड्रायव्हरच्या मागची हवी असते. तिथून मीटर दिसतो. मी त्यांना एकदा म्हणालो, “गुरुजी, बस साडेचार देते लिटरले. माझी जीप अठरा देते. कायले त्या डबड्यात हाडं मोडता?” त्यांनी लगेच खडू काढला आणि माझ्याच ओट्यावर लिहिलं. “साडेचार गुणिले पन्नास माणसं. झाले सव्वादोनशे. म्हंजे बस एका माणसाले एका लिटरात सव्वादोनशे किलोमीटर नेते, साडभाऊ. तुमी जीपमध्ये एकटे. अठरा गुणिले एक. आता सांगा, डबडं कोणतं?” मी म्हणालो, “मी एकटा जातो, पण राजावाणी जातो.” ते म्हणाले, “जा. राजाले भागाकार कोण विचारते?” ओट्यावरचा तो सव्वादोनशेचा आकडा बायकोनं पुसू दिला नाही. बसनं बहिणीकडे जाताना ती त्याच्याकडे बोट दाखवून जायची.

बैलगाडीसुद्धा त्यांनी सोडली नाही. कडब्याच्या पेंड्या आणि नांगरलेलं वावर यांचा काहीतरी मेळ घालून, बरेच दिवस डोकं खाजवून, शेवटी त्यांनी बैलाला या स्पर्धेतून बाद केलं. कारण विचारलं तर म्हणाले, “उभी राह्यली तरी पिणारी ही एकच गाडी हाय.”

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक म्हातारी मोपेड. एकटे असले की बावन्न देते, बायको मागं बसली की पंचेचाळीस. हे आकडे आमच्या नात्यात पोरांच्या वयासारखे सगळ्यांना पाठ होते. एका वर्षी संक्रांतीनंतर बायकोसहची सरासरी त्रेचाळीसवर आली. दुसरा नवरा असता तर गप्प राहिला असता. यांनी तीन वेळा टाकी भरून खात्री केली, आणि चार बायका बसलेल्या असताना अंगणात जाहीर केलं, “इंजिन तेच, रस्ता तोच, टायरात हवा तेवढीच. जो फरक पडला तो मागच्या सीटवर पडला.” आमच्या मेव्हणीबाई तिळाचे लाडू वळत होत्या. त्यांनी हात न थांबवता उत्तर दिलं, “उद्यापासून मागची सीट रिकामी. घ्या तुमचे बावन्न.” पुढचे दोन महिने त्या बसनं फिरल्या, आणि गुरुजी बावन्नच्या सरासरीनं एकटेच फिरत राहिले. चेहरा पाहवत नव्हता. शेवटी स्वतःच म्हणाले, “त्रेचाळीसही काई वाईट नाई.”

टाकी भरणं हा त्यांचा सोहळा. त्यांचा एकच नियम: गळ्यापर्यंत भरा, चालवा, परत गळ्यापर्यंत भरा, दुसऱ्यांदा जेवढं मावलं तेवढंच गाडीनं प्यालं. बाकी सगळे अंदाज म्हणजे गप्पा. आता पंपावर आपण काय करतो? नळी खट् करून थांबली की निघतो. हे तसं नाही. ते गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवतात, वाकून टाकीत बॅटरी मारतात, आणि मग हात वर करून सगळी रांग थांबवतात. “फेस बसू द्या. फेस म्हंजे तेल नाई.” मागं ट्रकवाले हॉर्नवर झोपलेले असतात. पंपावरचा तेलुगू माणूस पहिल्यांदा चिडला, दुसऱ्यांदा हसला, तिसऱ्यांदा त्यांच्याबरोबर वाकून फेस बसायची वाट पाहू लागला. आता तो लांबून त्यांना पाहिलं की “रंडि सार”, म्हणजे ‘या सर’, अशी हाक मारतो आणि बॅटरी स्वतःची देतो.

हे वेड कुठून आलं ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही मेव्हणीबाईंकडून. गुरुजींचे वडील दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायचे. दिवसभर वेचलेला कापूस संध्याकाळी मालक काट्यावर टाकायचा आणि आकडा सांगायचा. वडिलांना आकडा वाचता येत नसे. मालक जो सांगेल तो खरा. लहानपणी गुरुजी काट्याशेजारी उभे राहायचे आणि घरी येताना बापाला विचारायचे, “बाबा, तेवढंच होतं का?” बाप म्हणायचा, “त्यांनी सांगितलं तं असंल.” त्या ‘असंल’चा राग गुरुजींनी जन्मभर सांभाळला. रागाच्या बाबतीत आम्ही साडू शोभतो खरे.

तर आता त्या दिवसाकडे येतो.

आमच्या घरी जेवण होतं. मी जीप घेऊन तामसीला गेलो आणि मेव्हणीबाईंना आणि गुरुजींना घेऊन आलो. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरली होती आणि मीटरचे छोटे आकडे शून्यावर आणले होते; ती माझी ड्रायव्हरकीतली जुनी सवय. परत येऊन इचोड्याच्या पंपावर गाडी लावली तशी गुरुजींनी उडी मारली, गाडी हलवली, फेस बसवला आणि पाहिलं: सहा लिटर. मीटरवर नव्व्याण्णव. मी तिकडे लक्षही दिलं नाही. मला काय माहीत की हा माणूस ते दोन आकडे घेऊन झोपणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वांकिडीहून एक शेतकरी आला. आपलाच मराठी माणूस, कपाशीवाला, मजूर ने-आण करायला जीप पाहिजे होती. चहाच्या टपरीपुढे गाडी उभी होती. आम्ही बाकावर. गुरुजी पलीकडे वर्तमानपत्रात. शेतकऱ्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, दार उघडलं, लावलं, आणि विचारलं, “लिटरले किती देते जी?”

मी म्हणालो, “अठरा. सतरा निघाले तं गाडी फुकट घेऊन जा.”

हे ‘अठरा’ मी हवेतून काढलं नव्हतं. मी चालवलेल्या पहिल्या तिन्ही ट्रकांचे मीटर बंद होते. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजून आम्ही गाडी ओळखत होतो: एवढं डिझेल टाकलं की अमुक दगडापर्यंत जाते. भागाकार मला येत नाही. पण कोणती गाडी कोणत्या दगडाशी धापा टाकेल ते माझ्या पायाच्या तळव्याला कळतं. ती जीप अठरा देत होती. आजही मी तेच म्हणतो.

गुरुजींनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, उठले, आणि जीपच्या बॉनेटवर तामसीच्या रस्त्याची जी धूळ होती तिच्यावर बोटानं भागाकार मांडला. नव्व्याण्णव भागिले सहा. खाली उत्तर. उत्तराखाली दोन रेघा. “साडेसोळा,” ते म्हणाले. आवाजात ना राग, ना मजा. पोराची पाटी तपासावी तसे.

मी हसलो, धंद्यात पहिलं तेच करतात. “गुरुजी, दीड किलोमीटरनं काय होते?” पण शेतकरी हसला नाही. तो बॉनेटकडे पाहत होता. मग म्हणाला, “मले दीड किलोमीटरचं काही नाई जी. साडेसोळा सांगितले असते तरी मी घेतली असती. पण जो माणूस दीडासाठी खोटं बोलते, तो गिअरबॉक्साचं काय बोलला असंल?” आणि चहा अर्धा ठेवून गेला. अर्धा चहा ठेवून गेलेला माणूस परत येत नाही. बाजूला बसलेल्या एका टेम्पोवाल्यानं बॉनेटवर मान वाकवून हिशोब पाहिला आणि मोठ्यानं निकाल दिला, “लेक्क करेक्ट सार!” म्हणजे हिशोब बरोबर. त्याला कोणी विचारलं होतं?

मी टपरीच्या दोन बादल्या उचलून गाडी तिथंच धुतली, आणि धुता धुता साडवाला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते एवढंच म्हणाले, “मीटरवर होतं तेच सांगितलं, साडभाऊ.” पिशवी घेऊन बस पकडायला गेले. मेव्हणीबाई मागोमाग, रडत.

बॉनेट धुतलं, पण इचोडा धुता येत नाही. आठ दिवसांत माझं नाव पडलं ‘साडेसोळा’. “काय साडेसोळा, चहा घेता का?” “साडेसोळा, हा ट्रॅक्टर किती वर्साचा? तुमी सांगा, आमी त्याच्या सवापट धरतो.” ज्या माणसाच्या तोंडावर लोक गाड्या नेत होते त्याच्या तोंडासमोर आता लोक पंपावर जाऊन टाकी भरून पाहू लागले. ती जीप विकली जाईना. गिऱ्हाईक आलं तरी मी ‘अठरा’च सांगायचो, ते हसायचं, मी भांडायचो. बायको म्हणाली, “सतरा म्हणा अन् मोकळे व्हा.” मी म्हणालो, “एक वेळ गाडी गंजून मरंल, पण सतरा म्हणणार नाई.” साडवाशी बोलणं बंद. दोन दिवाळ्या तशाच गेल्या. बहिणी बहिणी फोनवर बोलायच्या, आणि मी खोलीत आलो की बायको “ठेवते गं” म्हणायची.

आणि एके दिवशी, उन्हानं डांबर वितळायला आलं असताना, म्हातारी मोपेड फटफटत माझ्या अंगणात आली. गुरुजी तामसीहून तिच्यावर आले होते. डोक्याला ओला पंचा, ओठ पांढरे. माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ जीपजवळ गेले, पुढच्या चाकापाशी बसले आणि विती घालून चाकाचा घेर मोजायला लागले. मी ओट्यावरून ओरडलो, “आता काऊन आले? उरलेले साडेसोळा न्यायले?” ते मोजत राहिले. मग मागं गेले, तिथं लावलेल्या स्टेपनीला विती घातल्या. परत पुढं आले. परत मागं गेले. आणि मग धुळीत बसूनच माझ्याकडे वर पाहून विचारलं, “साडभाऊ, हे चार टायर कुठून आणले?”

आता हे सांगताना मला त्रास होतो, पण सांगतो. ते चार टायर हा माझ्या आयुष्यातला एक सुंदर सौदा होता. आदिलाबादला एका दुकानदाराकडे पडून होते. एक नंबर मोठे, कोणी घेत नव्हतं. मी तीन वेळा उठून गेलो, तीन वेळा त्यानं हात धरून बसवलं, आणि शेवटी ज्या भावात ते आणले तो ऐकून आमच्या टपरीवरचे लोक उभे राहिले होते. जीपला थोडे घासत होते, ते मी पत्रा ठोकून जमवलं. स्टेपनी मात्र जुनीच राहिली.

“सौद्यात आणले,” मी म्हणालो. “भाव चांगला होता.”

“स्टेपनीचा घेर अकरा विती,” ते म्हणाले. “या चाकाचा बारा. मीटर काई रस्ता मोजत नाई, साडभाऊ. चाकाचे फेरे मोजते. त्याले वाटते चाक अकरा वितीचंच हाय. तुमी बारा विती चालता, ते अकराच धरते.” त्यांनी खडू काढला, पण बॉनेटवर नाही लिहिलं, अंगणातल्या फरशीवर लिहिलं. नव्व्याण्णव भागिले अकरा, नऊ. नऊ बारे एकशे आठ. एकशे आठ भागिले सहा. खाली दोन रेघा.

अठरा.

मी ओट्यावरून उतरून त्या आकड्यापाशी आलो. मग विचारलं, “हे तुमाले आता सुचलं? दोन वर्सांनी?” तर त्यांनी सांगितलं की मागच्या महिन्यात मोपेडनं इचोड्यापर्यंत येऊन, माझ्या दारावरून परत फिरून गेले होते. आत यायचं धाडस झालं नव्हतं. रिकाम्या डोक्यानं जाता येता दगड मोजले, तर जाऊन येऊन एकशे आठ भरले. आणि त्यांना आठवलं की माझ्या मीटरवर नव्व्याण्णव होते. रस्ता नऊ किलोमीटरनं वाढला कसा, या प्रश्नानं महिनाभर त्यांना जेवू दिलं नव्हतं.

माझा राग तेव्हाच जायला हवा होता. तो वाढला. मी म्हणालो, “गुरुजी, तुमच्या वर्गातला एखादा पोरगा असं गणित घेऊन आला असता. भागाकार बरोबर, पण आकडाच चुकीचा घेतला. त्याले किती मार्क देले असते?”

“शून्य,” ते म्हणाले.

त्यांनी जन्मभर कोणाची माफी मागितलेली मी ऐकली नाही. ती तेवढीच. माझी बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये कोणाला द्यावा ते न कळून उभी राहिली. मी म्हणालो, “त्यायले दे. उन्हातून आले.”

मला वाटलं झालं. टपरीवर जाऊन चार माणसांत सांगतील आणि माझं नाव धुतलं जाईल. पण हा माणूस सरळ सोप्या मार्गानं जात नाही. म्हणाले, “ज्याच्यासमोर तुमचं तोंड खोटं पाडलं त्याच्यासमोर जाऊन खरं केलं पायजे. उद्या वांकिडी.” मी म्हणालो, कशाला, तो कुठला कोण. ते म्हणाले, “त्याच्या डोक्यात तुमी अजून खोटेच आहात. ते कसं चालंल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली, फेस बसवला आणि आम्ही निघालो. मीटरवर त्यांनी जुना रुमाल बांधला होता. प्रत्येक दगडाला डॅशबोर्डवर खडूची एक रेघ. चार झाल्या की पाचवी आडवी. उटनूरचा घाट, जंगलातली वळणं, पुढं सपाटीवरची कपाशीची रिकामी वावरं. बोलायची सोय नव्हती. बोललं की रेघ चुकेल. वांकिडीला पोचलो तेव्हा एकशे सव्वीस रेघा झाल्या होत्या. पंपावर भरलं: सात लिटर आणि वर जेमतेम एक दशांश. मी अठरा ऐकायला कान टवकारून उभा होतो.

“पावणेअठरा,” गुरुजी म्हणाले.

“अन् घाट?” मी ओरडलो. “घाटाचा पाव कुठं गेला? दोन वर्सांनी माझं नाव धुवायले आले अन् त्यातलाही पाव ठेवून घेता?” पंपावरचे लोक जमले. गुरुजी शांतपणे म्हणाले, “घाटही सांगतो. पण पावणेअठराच सांगतो.” मी वाद घालायचा सोडला. हा माणूस मला स्वर्गात नेऊन सोडेल तरी दारातला पाव किलोमीटर कापून सोडेल.

शेतकरी अंगणात बाजेवर बसला होता. आम्हाला ओळखलं. गुरुजींनी त्याला सगळं सांगितलं. मीटर, फेरे, अकरा आणि बारा. त्याला पटेना. तेव्हा गुरुजींनी त्यालाच चाक मोजायला लावलं. त्याचा हात मोठा. त्याचं चाक दहा वितींत संपलं आणि स्टेपनी नवाच्या वर थोडी. तो म्हणाला, “तुमचा हिशोब चुकला जी, माझ्या तं दहाच भरल्या.” गुरुजी इतके खूश झाले की त्यांनी त्याचा तो मोठा हात हातात घेतला. “वीत कोणाचीही घ्या. हात मोठा असंल तं दोन्ही चाकं लहान होतात, पण एकमेकांले तेवढीच राहतात!” शेतकऱ्यानं परत एकदा दोन्ही चाकं मोजली, बोटांवर काहीतरी केलं, आणि मग माझ्याकडे वळला.

“मंग त्या दिवशी तुमी खरं सांगून राह्यले होते?”

“मी रोजच खरं सांगतो,” मी म्हणालो.

“तेवढं राहू द्या जी,” तो हसला. पण उठून स्वतः चहा घेऊन आला आणि पहिला कप माझ्या हातात दिला. मग जरा लाजत म्हणाला की त्यानं मागच्याच वर्षी दुसरी जीप घेतली. “चौदा देते,” तो म्हणाला. मी त्या चौदावर एक शब्द बोललो नाही. एवढा मोठेपणा मी आयुष्यात क्वचितच दाखवला आहे. गाडीत बसल्यावर दार मात्र जरा जोरात लावलं. गुरुजी मागं थांबून त्याला विचारत होते, “चौदा कसे काढले? टाकी हलवली होती का?”

परतीला ऊन उतरलं होतं. ठरलं होतं की दगड जातानाही मोजायचे, येतानाही मोजायचे. एका बाजूचा आकडा म्हणजे अर्धा पुरावा. आसिफाबाद मागं पडेपर्यंत रेघा ओढल्या गेल्या. मग खडूचा आवाज थांबला. पाहिलं तर गुरुजी काचेला डोकं लावून झोपले होते. खडू बोटांतून सुटून पायाशी पडला होता. झोपेत तो माणूस मी समजत होतो त्यापेक्षा पुष्कळ म्हातारा दिसत होता. सदऱ्याची कॉलर मानेपासून दोन बोटं सुटली होती. मागच्या दोन वर्षांत कधीतरी ते वाळले होते, आणि मी ते पाहायला तिथं नव्हतो.

एक दगड गेला. मी खडू उचलायला हात घातला, पण गाडी हलली आणि त्यांचं डोकं काचेवर आपटलं, म्हणून हात परत स्टिअरिंगवर घेतला. म्हटलं, तोंडानं मोजू. अकरापर्यंत मोजले. मग रस्ता खराब लागला. खड्डा दिसला की मी गाडी खालच्या गिअरवर घेत होतो, बैलाच्या चालीनं नेत होतो, आणि मधले दगड केव्हा गेले ते कळलं नाही. वेगात हाणली असती तर अंधाराच्या आत घर गाठलं असतं.

कधीतरी डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, “किती झाले, साडभाऊ?”

“मोजून राह्यलो मी,” म्हणालो. “झोपा तुमी.”

मी मोजत नव्हतो. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी डिझेल पीत होती. पिऊ दिलं.